पत्ता नसलेल्या माणसाचा अर्ज

(वर्षावासातील एका रविवारी बुद्धविहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झाला आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूने एका जागी छपराखाली राहावे, हा संघाचा नियम आहे. ज्याने स्वेच्छेने घरदार सोडले त्यालाही पावसात छप्पर हवे, हे ज्या धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले, त्या धम्माचे आपण अनुयायी आहोत. येथे बसलेल्यांपैकी कित्येक कुटुंबांनी गेल्या एक-दोन वर्षांतच धम्मदीक्षा घेतली आहे. त्यांच्यासमोर धम्माचे विवेचन करण्याचा माझा अधिकार नाही. मी व्यवसायाने वकील आहे. म्हणून ज्या विषयाची कागदपत्रे माझ्या टेबलावर वरचेवर येतात, त्याच विषयावर मी बोलणार आहे. बेघर माणसाला परवडणारे घर, आणि त्या घरात टिकून राहण्यास लागणारा आधार, कोणत्या वाटेने मिळतो, आणि ती वाट बहुधा मध्येच का बंद होते, हा तो विषय होय.

बडोद्याचे अकरा दिवस

आरंभ मी बाबासाहेबांपासून करतो. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. हाती नेमणूक होती, भाडे देण्याची ऐपत होती, शहरात घरे होती. नव्हते ते एवढेच, की ‘महार’ माणसाला आपले दार उघडणारा घरमालक नव्हता. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेऊन जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एक हिंदू व एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांना त्यांनी विचारून पाहिले. दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठीबागेत काढले.

ही हकीकत आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. परंतु तीतील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. राहण्यास सरकारी बंगला मिळावा म्हणून बाबासाहेबांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अंमलदाराकडून दुसऱ्या अंमलदाराकडे फिरत राहिला, आणि उत्तर येण्यापूर्वीच काठ्या आल्या. घर होते, गरजू माणूस होता, अर्जही होता. त्या दोघांची गाठ घालून देणारी न्याय्य व्यवस्था नव्हती.

त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे झाली. तो अर्ज आजही फिरतो आहे, असे मी म्हणालो तर ती अतिशयोक्ती समजू नका. माझ्या स्वतःच्या अनुभवातील एक उदाहरण सांगतो.

खांबाखालचे कुटुंब

काही वर्षांपूर्वी एक विधवा बाई दोन मुलींना घेऊन माझ्याकडे आल्या. मूळ गाव मराठवाड्यात. पती बांधकामावर बिगारी होते, ते परांचीवरून पडून वारले. पती गेले तशी बांधकामावरची झोपडीही गेली. तेव्हापासून त्या एका उड्डाणपुलाच्या खांबाखाली राहत होत्या. त्याच वर्षी त्यांनी मुलींसह दीक्षा घेतली होती. सरकारी योजनेतील घरासाठी त्यांनी केलेला अर्ज त्रुटी दाखवून परत आला होता.

पहिली त्रुटी रहिवासाच्या पुराव्याची. घर नाही म्हणून घर मागणाऱ्या बाईकडे कचेरी घराचा पत्ता मागत होती. दुसरी त्रुटी जातीच्या दाखल्याची. आपल्या राज्यात अनुसूचित जातीचा दाखला काढावयाचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपले पूर्वज कोठे राहत होते हे दाखवावे लागते. आणि स्त्रीच्या बाबतीत तो पुरावा माहेरच्या बाजूचा लागतो. खांबाखाली राहणाऱ्या बाईने आजोबांचा सत्तर वर्षांपूर्वीचा कागद कोठून आणावा? मी त्यांच्या भावाला पत्र लिहिले. तालुक्याच्या कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल निघाली. या एका कागदास सात महिने लागले.

पुढे त्यांचे नाव यादीत आले. कळविणारे पत्र टपालाने धाडण्यात आले. उड्डाणपुलाच्या पत्त्यावर गेलेले ते पत्र ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत गेले. हजर राहण्याची मुदत उलटली आणि घर यादीतील पुढच्या नावास गेले. पत्र परत गेले तेव्हा त्या बाई रोज त्याच खांबाखाली झोपत होत्या. कचेरी तेथून पायी वीस मिनिटांच्या अंतरावर होती. त्याच महिन्यात सामान उचलून नेणारी गाडी त्यांच्यापर्यंत दोनदा पोहोचली होती. उचलून नेणाऱ्या गाडीला जो पत्ता सापडतो तो घर देणाऱ्या पत्राला का सापडू नये, हा प्रश्न मी तेथे विचारला. मला उत्तर मिळाले नाही.

आकडे काय सांगतात

ही एका बाईची तक्रार नव्हे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशातील बेघरांची मोजणी झाली. त्या एका रात्रीत सुमारे १७ लाख ७० हजार माणसे उघड्यावर आढळली. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती, आणि सुमारे ५७ हजार एकट्या मुंबईत. रात्री उघड्यावर झोपणाऱ्या, सतत हलविल्या जाणाऱ्या माणसांची एका रात्रीची मोजणी पुरी होणे कठीण. म्हणून हा आकडा कमीत कमी समजावा.

त्याच जनगणनेतील दुसरा आकडा याच्या शेजारी ठेवा. मुंबईत त्या वेळी सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती; २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीतही ही गोष्ट नोंदली आहे. ही घरे खासगी मालकीची आहेत, ती उचलून कोणास देता येत नाहीत, हे मी वकील असल्याने विसरत नाही. परंतु सरकारी पैशाने गरिबांसाठी बांधलेली घरेसुद्धा रिकामी पडली होती. २०२० साली केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली, तेव्हा अशी ऐंशी हजारांवर घरे देशभर ओस होती. तेव्हा बेघरपणाचे कारण केवळ घरांची टंचाई आहे असे म्हणून चालणार नाही. टंचाई आहेच, पण जे आहे तेही गरजूपर्यंत पोहोचत नाही.

कायदा कोठे उभा आहे

कायदा या बाबतीत मुका नाही. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सांगितले. तो खटला मुंबईच्या पदपथांवरील माणसांचाच होता. परंतु त्याच निकालात पर्यायी जागेची हमी मिळाली ती १९७६ च्या गणनेत नोंद होऊन ज्यांच्या हाती ओळखपत्रे आली होती त्यांना. तत्त्व सर्वांसाठी, जागा मात्र कागदवाल्यासाठी, अशी ही विभागणी तेव्हापासून चालत आली आहे.

चमेली सिंग खटला आपण विशेष लक्षात ठेवावा. उत्तर प्रदेशात दलितांच्या घरांसाठी सरकारने जमीन ताब्यात घेतली, तिला जमीनमालकांनी आव्हान दिले. डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले, आणि निवारा म्हणजे डोक्यावरचे आच्छादन एवढेच नव्हे, असा निर्वाळा दिला. पुरेशी जागा, भक्कम व सभ्य बांधकाम, स्वच्छ परिसर, उजेड, हवा, पाणी, वीज, शौचाची सोय आणि रस्ता हे सर्व निवाऱ्याच्या हक्कात येते. आपल्याच माणसांच्या घरांच्या वादातून साऱ्या भारतीयांच्या हक्काची ही व्याख्या निघाली.

२०१० साली न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक बारमाही, दिवसरात्र उघडा निवारा असावा असे माप घालून दिले. २०११ च्या लोकसंख्येप्रमाणे मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. आपण त्या आकड्याच्या जवळपासही गेलेलो नाही. २०१३ सालच्या केंद्रीय योजनेत निवाऱ्यातून ओळखपत्र, शिधापत्रिका, दवाखाना, शाळा यांच्याशी माणसाला जोडून द्यावे असे लिहिले होते. काम इतके मागे पडले की २०१६ साली न्यायालयास निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

संघातील जागावाटप

मग ही गाठ घालण्याची पद्धत कशी असावी? यासाठी मला विनयपिटकातील एका जुन्या व्यवस्थेचा आधार घ्यावासा वाटतो. संघापुढेही हाच प्रश्न होता. भिक्खू अनेक, वेगवेगळ्या प्रकृतीचे. विहार, गुंफा, कुट्या मर्यादित. आणि पावसाळा तोंडावर. म्हणून चुल्लवग्गात जागा वाटून देणारा भिक्खू संघाच्या संमतीने नेमावा असे सांगितले आहे. त्याच्या अंगी पाच गुण हवेत. तो छंदाने, म्हणजे पक्षपाताने वागणारा नसावा. तो द्वेषाने वागणारा नसावा. मोहाने वागणारा नसावा. भयाने वागणारा नसावा. आणि कोणती जागा दिली गेली आहे व कोणती दिलेली नाही, हे त्यास पक्के ठाऊक असावे.

हे काम दब्ब मल्लपुत्त नावाच्या तरुण भिक्खूकडे होते. एका वृत्तीच्या भिक्खूंची तो एकत्र सोय लावी. रात्री उशिरा येणाऱ्यालाही तो जागा दाखवावयास जाई. कथेतील चमत्काराचा भाग आपण बाजूस ठेवू. नुसती खोली दाखवून तो परतत नसे. हा पलंग, हे आसन, पिण्याचे पाणी येथे, शौचकूप तेथे, आत येण्याची व बाहेर जाण्याची वेळ अमुक, असे सर्व समजावून मग तो निघे. घर आणि घराबरोबर आधार ही कल्पना आज परदेशातून आली असे काही जण समजतात. तिची रीत आपल्या विनयात लिहिलेली आहे.

याच पाच कसोट्या आजच्या पद्धतीला लावून पाहू.

पहिली कसोटी: छंद

ज्याची ओळख आहे त्याचे नाव वर सरकते, हा पक्षपात सर्वांना दिसतो. न दिसणारा पक्षपात निराळा आहे. योजनांची रचनाच काहींना सोयीची असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी आपल्या राज्याने २००८ साली माता रमाईंच्या नावे घरकुल योजना आणली. तिच्यामुळे हजारो कुटुंबांचे कुडाचे घर पक्के झाले, याबद्दल कृतज्ञता असावी. पण स्वतःच्या जागेवर पक्के घर बांधण्यास साहाय्य, हे या योजनेचे मुख्य रूप. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेतही एक मोठा भाग असाच आहे. ज्याच्या पायाखाली स्वतःची चार हात जमीन नाही, तो या दारापाशी उभाच राहू शकत नाही. ग्रामीण भागात जागा खरेदीसाठी साहाय्याची सोय आहे. शहरातील पदपथावर ती पोहोचत नाही. अशा रीतीने गरजवंतांतील जो कमी गरजवंत, त्याचे काम आधी होते. आणि अगदी तळाचा माणूस यादीतही येत नाही.

दुसरी कसोटी: द्वेष

येथे अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील शहरांतून बेघरांना प्रश्न विचारून गुण देण्याची पद्धत रूढ झाली. ज्यास गुण अधिक त्याची गरज अधिक, आणि त्यास आधारयुक्त घर आधी. पद्धत कागदावर निःपक्षपाती दिसत होती; प्रश्नांत वर्णाचा उल्लेखही नव्हता. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा सरासरीने कमी गुण मिळत होते. प्रश्न आजाराचे, व्यसनाचे, पोलिसांशी आलेल्या संबंधांचे होते. ज्या समाजाला अशा कबुलीची शिक्षा भोगावी लागली आहे, तो अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाही. ज्याला उपचारच मिळाले नाहीत, त्याच्याजवळ आजाराचा दाखलाही नसतो. ज्या संस्थेने ती प्रश्नावली तयार केली होती, तिनेच २०२० च्या अखेरीस ती मागे घेण्याचे जाहीर केले.

जातीने भरलेल्या समाजात आपण राहतो. आपणांस हे वेगळे समजावून सांगावयास नको. कागदावरचा प्रश्न जातीचा नसला तरी तो जातीच्या जखमेवर बोट ठेवू शकतो. म्हणून प्रश्न विचारणारे पथक बेघरांच्या विश्वासातील माणसांचे असावे, आणि कोणास घरे मिळाली, कोणास नाही, याचा जात, लिंग व अपंगत्व यांनुसार हिशोब दर वर्षी जाहीर व्हावा. हिशोब उघडा असेल तरच द्वेष पकडला जातो.

तिसरी कसोटी: मोह

मोह म्हणजे एका वस्तूला दुसरीच वस्तू समजणे. कागदाला माणूस समजणे हा पहिला मोह. सोडतीला न्याय समजणे हा दुसरा. सोडतीत वशिला चालत नाही हे खरे. पण तेथे गरजेचे मापही होत नाही. तापाने फणफणलेल्या मुलाची आई आणि धडधाकट तरुण यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात पडतात, आणि त्यातही अनामत रक्कम भरता येईल त्याचीच चिठ्ठी पडते.

कोणत्याही चार भिंतींना घर समजणे हा तिसरा मोह. मुंबईत जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उठविलेली कुटुंबे तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी माहुल येथे पाठविण्यात आली. तेथे इमारती होत्या, पण हवा श्वास घेण्याजोगी नव्हती. लोकांनी न्यायालयात धाव घेतली, आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सक्तीने तेथे धाडू नये, दुसरे घर द्यावे किंवा दरमहा १५ हजार रुपये भाड्यापोटी द्यावे, असा आदेश दिला. कामापासून दोन तास दूर, दवाखाना नाही, शाळा नाही, अशा घरातून माणूस पुन्हा पदपथावर येतो. मग आपण म्हणतो, ‘यांना घर दिले तरी हे राहत नाहीत.’ वाटप चुकीचे झाले असे मात्र कोणी म्हणत नाही.

चौथी कसोटी: भय

दहा कागद मागणारा कारकून दुष्टच असतो असे नाही. पुष्कळदा तो भ्यालेला असतो. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर, ही त्याची भीती. या भीतीवर उपाय उपदेशाचा नाही, नियमाचा आहे. आणि तसा नियम आपल्याच देशात, दुसऱ्या एका यादीसाठी, अस्तित्वात आहे. मतदार यादीत नाव घालण्यासाठी बेघर नागरिकाने नमुना क्रमांक ६ भरला, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने त्याने सांगितलेल्या जागी रात्री जावे, तो खरोखर तेथे झोपतो की नाही हे एकाहून अधिक रात्री जाऊन पाहावे, आणि तसे आढळल्यास रहिवासाचा कागद मागू नये, अशी निवडणूक आयोगाच्या सूचनांत तरतूद आहे. मत घ्यावयाचे असेल तेव्हा राज्याचा अधिकारी रात्री खांबापाशी जाऊ शकतो. मग घर द्यावयाचे असेल तेव्हा तो तेथे का जाऊ शकत नाही? माझ्या आजच्या भाषणातील एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे असेल तर ते हे: पुरावा आणण्याचा भार बेघरावर नसावा, पाहणी करण्याचा भार राज्यावर असावा.

दुसरे भय आहे मनोरुग्णांविषयीचे. रस्त्यावर एकट्या फिरणाऱ्या कित्येक स्त्रिया आजारी आहेत, आणि त्यांना रुग्णालयाखेरीज जागा नाही असे आपण धरून चालतो. चेन्नईच्या ‘बनियन’ या संस्थेने २०१५ च्या सुमारास निराळी वाट घेतली. अशा चार-पाच स्त्रियांसाठी साध्या वस्तीत घर भाड्याने घ्यावयाचे, सोबतीला मदतनीस द्यावयाची, आणि त्यांनी शेजाऱ्यांसारखे जगावयाचे. हे काम पुढे अन्य राज्यांतही गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजात राहण्याचा अशा व्यक्तींचा हक्क मान्य केला असून, त्यासाठी घरे उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

पाचवी कसोटी: काय दिले, काय उरले

शेवटचा गुण साधा दिसतो, पण सर्वांत दुर्मिळ आहे. रिकाम्या घरांची एक नोंदवही आणि बेघर माणसांची नावानिशी एक नोंदवही, अशा दोन वह्या एकाच टेबलावर ठेवणारी कचेरी आपल्याकडे क्वचितच आढळते. घरे एका खात्याकडे, निवारे दुसऱ्याकडे, जातीचे दाखले तिसऱ्याकडे, आणि दवाखाना चौथ्याकडे. बेघर माणूस या चार दारांमधला टपालवाला झाला आहे, आणि त्याच्याकडे एका खेपेचे बसभाडेही नसते.

फिनलंड या लहानशा देशाने २००८ पासून क्रम उलटा केला. आधी माणूस सुधारावा, मग घर मिळावे, ही जुनी रीत सोडून त्यांनी आधी भाडेकराराचे घर दिले आणि उपचार, काम, सल्ला हे त्या घरातच पोहोचविले. रात्रनिवाऱ्यांच्या जागी घरे केली. १९८७ साली तेथे अठरा हजारांच्या आसपास बेघर होते. २०२३ साली ते साडेतीन हजारांहून कमी उरले. पुढील वर्षी तो आकडा काहीसा वाढला, यावरून हेही दिसते की ही व्यवस्था सतत राखावी लागते. त्या देशाची संपत्ती आपल्याजवळ नाही. परंतु आधी छप्पर, मग बाकीचे, हा क्रम स्वीकारण्यास संपत्ती लागत नाही.

आपले कर्तव्य

येथवर मी सरकारविषयी बोललो. आता थोडे आपल्याविषयी बोलतो, आणि ते कटू वाटले तर क्षमा करावी.

खांबाखालच्या त्या बाईंची मागणी नव्या अर्जाने पुन्हा चालू केली. मध्यंतरी त्यांना भाड्याची खोली मिळावी म्हणून मी खटपट केली. एका वसाहतीत दोन खोल्या रिकाम्या होत्या. ती वसाहत आपल्याच माणसांची होती. घराघरांत तथागताची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती. दोन्ही मालकांनी एकच उत्तर दिले: रस्त्यावरची माणसे आहेत, वस्तीचे नाव खराब होईल. ऐकताना मला बडोद्याचे ते दोन मित्र आठवले. तिसऱ्या घरातील एका वृद्ध बाईंनी काहीही न विचारता कुलूप काढले. त्या निरक्षर होत्या. पत्र त्यांच्या पत्त्यावर येऊ लागले, मुली शाळेत गेल्या. पुढे सरकारी घर मिळण्यास आणखी दोन वर्षे लागली. पण ती दोन वर्षे त्यांनी छपराखाली काढली.

जे कुटुंब काल आपल्यासारखेच होते त्याला आज आपण दाराबाहेर ठेवणार असू, तर धम्मदीक्षेने आपल्यात काय बदलले? अनाथपिंडिकाचे नाव आपण आदराने घेतो. अनाथांना अन्न देणारा, असा त्या नावाचा अर्थ आहे.

म्हणून या विहारापुढे मी पाच कामे ठेवतो. ती पैशाची नाहीत, वेळेची आहेत.

एक. विहारात एक नोंदवही असावी. आपल्या भागात रात्री उघड्यावर झोपणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे नाव, माणसे, आजार, मूळ गाव आणि त्यांची स्वतःची इच्छा तीत लिहावी. त्यांच्या संमतीखेरीज एक अक्षरही लिहू नये.

दोन. ज्यास पत्ता नाही त्याने पत्रव्यवहारासाठी विहाराचा पत्ता द्यावा, आणि येणारे प्रत्येक पत्र त्याच दिवशी त्याच्या हाती पोहोचविण्याची जबाबदारी दोन तरुणांनी घ्यावी. एका पत्रामुळे एक घर गेलेले मी पाहिले आहे.

तीन. मतदार नोंदणीचे नमुने घेऊन अधिकाऱ्यासोबत रात्री फिरावे. नाव यादीत आले की पुढील अनेक दारांना थोडी फट पडते.

चार. जातीच्या दाखल्याचे काम शिकून घ्यावे. १९९० च्या कायद्याने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या बांधवांचा हक्क शाबूत ठेवला आहे. दीक्षा घेतली म्हणून दाखला जातो, हा समज खोटा आहे. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंद, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा जुना उतारा, यांपैकी जे मिळेल ते आजच काढून ठेवा. नव्याने दीक्षा घेतलेल्या प्रत्येक कुटुंबाने हे काम या वर्षावासातच करावे, अशी माझी विनंती आहे. त्या कागदांची एकेक प्रत विहारात ठेवल्यास पुरात वा आगीत सर्व काही जाणार नाही.

पाच. ज्यांच्याकडे खोली रिकामी आहे त्यांनी भाडेकरू कोठून आला हे विचारू नये. आणि वसाहतीशेजारी निवारा होणार असेल तर विरोधाच्या अर्जावर सही करू नये.

महानगरपालिकेकडे आपण तीन गोष्टी मागू: बेघरांच्या रहिवासाची पाहणी अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन करावी, रिकाम्या सरकारी घरांची यादी जाहीर करावी, आणि वाटप गरजेच्या क्रमाने व्हावे, त्याचा हिशोब दर वर्षी प्रसिद्ध व्हावा. या मागण्यांचे निवेदन मी तयार केले आहे. सभा संपल्यावर ते वाचावे, चुका दाखवाव्यात आणि पटल्यास सही करावी. जे उत्तर येईल ते पुढील सभेत वाचून दाखविले जाईल. उत्तर आले नाही तर ती गोष्टही सभेत सांगितली जाईल, आणि मग न्यायालयाची वाट आहेच.

बाबासाहेबांचा तो अर्ज अंमलदारांमध्ये फिरत राहिला, कारण त्यांच्या बाजूने त्याचा पाठपुरावा करणारा त्या शहरात कोणी नव्हता. आज या शहरात आपण आहोत. बाहेर पाऊस सुरू आहे. आपण येथून आपापल्या घरी जाऊ, तेव्हा वाटेत पुलाखाली जे दिसतील त्यांचे नाव विचारून घ्या. नोंदवहीची सुरुवात तेथूनच करावयाची आहे.

जय भीम.